दुखणं, झटके आणि जंतुनाशकं : जनावरांची औषधं घरात आणि गोठ्यात वापरताना

दवाखान्यात आलेला माणूस टेबलाशी पोचायच्या आत विचारतो, "डॉक्टर, कुठलं इंजेक्शन द्यायचं?" मी विचारते, "वजन किती भरेल?" मग तो हात कमरेच्या वर नेऊन गाय एवढी उंच आहे असं दाखवतो. एकोणीस वर्षं तालुक्याच्या ठिकाणी जनावरांची डॉक्टर म्हणून काम करताना हा संवाद इतक्यांदा झालाय, की हा लेख मी वजनापासूनच सुरू करते. दुखण्याचं औषध असो, झटक्यांचं असो, नाहीतर गोचिडांचं, मात्रा वजनावरच ठरते. वजन चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

एक गोष्ट आधीच सांगते. खालच्या मात्रा तुम्हाला डॉक्टरची चिठ्ठी समजावी, बाटलीवरचे आकडे वाचता यावेत आणि चुकीचं औषध हातात आलं तर ओळखता यावं, यासाठी आहेत. निदान न करता स्वतःच सुई टोचण्यासाठी नाहीत.

वजन काढायचं कसं

कुत्रा-मांजर असेल तर सोपं आहे. आधी तुम्ही एकटे वजनकाट्यावर उभे राहा, मग जनावर कडेवर घेऊन उभे राहा आणि वजाबाकी करा.

गाय, म्हैस, बैल यांच्यासाठी शिंप्याची टेप पुरते. जनावर सपाट जागी, चारही पाय सारखे टेकवून उभं करा. पुढच्या पायांच्या लगेच मागून टेप छातीभोवती फिरवा. तो झाला घेर. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीच्या बाजूला जे टोकदार हाड लागतं तिथपर्यंत मोजा. ती लांबी. दोन्ही मापं इंचात घ्या. घेराला घेरानं गुणा, आलेल्या आकड्याला लांबीनं गुणा आणि ६६० ने भागा. उत्तर किलोत येतं.

समजा घेर ६८ इंच आणि लांबी ५८ इंच भरली. ६८ गुणिले ६८ म्हणजे ४६२४, त्याला ५८ ने गुणलं की २,६८,१९२. ६६० ने भागलं की साधारण ४०६ किलो. हीच गाय नजरेनं बघून लोक कधी तीनशे सांगतात, कधी साडेपाचशे.

आता बाटली हातात घ्या. मेलॉक्सिकॅम हे दुखण्या-सुजेचं इंजेक्शन गाईला किलोमागे अर्धा मिलिग्रॅम लागतं. ४०६ किलोच्या गाईला झाले २०३ मिलिग्रॅम. बाजारात मात्र हेच औषध एका मिलीत ५ मिलिग्रॅम असलेलंही मिळतं आणि २० मिलिग्रॅम असलेलंही. पहिल्याचे ४० मिली लागतील, दुसऱ्याचे १० मिली पुरतील. "मागच्या वेळी दहा मिली दिलं होतं" एवढ्याच आठवणीवर ५ च्या नव्या बाटलीतून दहा मिली ओढलं, तर गाईला पाव डोस जाईल, आणि ४० मिलीच्या आठवणीवर २० च्या बाटलीतून ओढलं, तर चौपट. म्हणून औषधाच्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिलेला 'प्रति मिली' हा आकडा रोज वाचा. बाटली ओळखीची वाटत असली तरी वाचा.

दुखणं ओळखणं

जनावर बोलत नाही, पण त्याचं दुखणं बघणाऱ्याला दिसतं. गाय पाठीला बाक काढून उभी राहते, कान पाडते, दात करकर खाते, रवंथ कमी करते, मागच्या पायानं स्वतःच्याच पोटावर लाथ मारते. शेळी कळपापासून बाजूला सरकते. कुत्रा जागा बदलत राहतो, विनाकारण धापा टाकतो, जिन्याच्या पहिल्या पायरीशी थबकतो. मांजराचं सगळ्यात अवघड. ते कपाटाखाली जाऊन अंग आक्रसून बसतं आणि अंग चाटणं बंद करतं. "शांत झालंय बिचारं" असं म्हणून लोक दोन दिवस घालवतात. ते शांत नसतं, त्याला दुखत असतं.

वेदनाशामक देण्याआधी कारण शोधावं लागतं. पोट फुगलेल्या गाईला किंवा गिळलेली तार आत टोचत असलेल्या म्हशीला नुसतं दुखण्याचं इंजेक्शन दिलं, तर सहा तास ती बरी दिसते आणि हातातले तेच सहा तास निघून जातात. पायाखालून खडा काढायचा राहिला आणि लंगडणं तेवढं थांबवलं, असं होतं.

मेलॉक्सिकॅमच्या जातीची सगळी औषधं सूज आणि दुखणं कमी करतात. त्याबरोबर पोटाच्या आतल्या अस्तराचं संरक्षण आणि मूत्रपिंडाकडे जाणारं रक्तही ती कमी करतात. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं जनावर, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असलेलं जनावर, यांना ती देऊ नयेत. डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडबरोबर तर अजिबात नकोत, पोटात व्रण होऊन रक्त जातं. गाभण गाईला शेवटच्या तीन महिन्यांत डेक्सामेथासोन दिलं तर गाभ पडू शकतो. म्हणून कुणी 'दोन्ही एकत्र मारून टाकू' म्हणालं तर नको म्हणा, आणि गाय किती महिन्यांची गाभण आहे हेही ठणकावून सांगा.

कुत्र्याला मेलॉक्सिकॅम पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आणि पुढे रोज ०.१ मिलिग्रॅम, तेही पोटात अन्न असताना. दहा किलोच्या कुत्र्याला दुसऱ्या दिवसापासून रोज १ मिलिग्रॅम लागतं. आजोबांच्या गुडघ्यासाठी घरात असलेली माणसांची गोळी ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची असते. ती १५ ची गोळी म्हणजे त्या कुत्र्याचा पंधरा दिवसांचा डोस एका घासात. उलटी, खाणं सोडणं, डांबरासारखी काळी शी दिसली तर पुढचा डोस थांबवून लगेच डॉक्टरला गाठा. एका वेदनाशामकानं गुण आला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी लगेच दुसरं सुरू करायचं नाही, मध्ये साधारण पाच ते सात दिवसांचं अंतर लागतं.

माणसांच्या औषधांच्या डब्यातलं कुत्र्याला काहीही देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या आतड्यात व्रण होतात, मूत्रपिंडं बंद पडतात.

मांजर आणि पॅरासिटामॉल यांच्याबद्दल मला सगळ्यात तळमळीनं सांगायचंय. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एक मुलगी बुटाच्या खोक्यात मांजर घेऊन आली होती. ताप वाटला म्हणून घरच्यांनी रात्री दुधातून पॅरासिटामॉलची पाचशेची गोळी दिली होती, अगदी प्रेमानं. मी मांजराचा ओठ वर केला तर हिरड्या चॉकलेटी रंगाच्या झालेल्या. तोंड आणि पुढचे पंजे सुजलेले, श्वास भराभर. मांजराच्या यकृतात हे औषध निकामी करून बाहेर टाकणारी व्यवस्था फार तोकडी असते. औषधाचं विष बनतं आणि ते रक्तातल्या तांबड्या पेशींची प्राणवायू वाहायची ताकदच काढून घेतं. यावर उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन, आणि तो माणसांच्या औषधाच्या दुकानात मिळतो. पण तो पहिल्या काही तासांत जायला हवा. आम्ही दिला तेव्हा रात्र उलटून गेली होती. मांजर दुपारी गेलं. चार किलोच्या मांजराला एक पूर्ण गोळी जीवघेणी असते, आणि अर्धी दिली तरी ती सुरक्षित नाही.

दूध, आणि मेल्यानंतरचं जनावर

गाईला टोचलेलं औषध तिच्या दुधात आणि मांसात उतरतं. प्रत्येक औषधाच्या लेबलवर दूध किती दिवस विकायचं नाही ते लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर आपल्या देशातल्या औषध नियमांप्रमाणे दूध-अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि जनावर-कोंबडीच्या मांसासाठी किमान २८ दिवस धरायचे. हे दिवस शेवटच्या डोसपासून मोजायचे, पहिल्या डोसपासून नाही.

दुसरी गोष्ट गिधाडांची. पूर्वी मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची आणि संध्याकाळपर्यंत हाडं उरायची. आज तिशीतल्या शेतकऱ्यानं गिधाड पाहिलेलंच नसतं. १९९२ ते २००७ या काळात भारतात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कारण २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून उघड झालं : डायक्लोफेनॅक. हे इंजेक्शन दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं ते खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात आणि आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर साचतो. भारतात जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदीचं पाऊल उचललं गेलं. तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येतच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलीपुरती मर्यादित केली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांवर जनावरांसाठी बंदी आली. ॲसिक्लोफेनॅकचं गाईच्या अंगात डायक्लोफेनॅकच बनतं. २०२४ च्या डिसेंबरात निमेसुलाइडचीही पाळी आली.

मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक ॲसिड ही दोन गिधाडांना सुरक्षित असल्याचं तपासून झालेलं आहे. दोन्ही मिळतात, दोन्ही परवडतात. रायगडमध्ये म्हसळ्याकडे चिरगावला, नाशिकमध्ये हरसूलजवळ खोरीपाड्याला, गडचिरोलीत, लोकांनी मेहनतीनं उरलीसुरली गिधाडं जपली आहेत. तुमच्या दुकानदारानं काउंटरखालून यांतलं बंदीचं औषध काढून दिलं, तर ते परत करा आणि मेलॉक्सिकॅम मागा.

शिंगं जाळताना किंवा जखम शिवताना जागा बधिर करायला लिग्नोकेन वापरतात. वासराचं शिंग बधिर न करता डागणी लावणं मला बघवत नाही, ते होऊ देऊ नका. पण शेळीची करडं लिग्नोकेनला फार हळवी असतात. गाईच्या सवयीनं दोन-चार मिली भरलं तर तीन किलोच्या करडाला त्यानंच झटके येतात. करडासाठी ते पातळ करून, मोजून भरावं लागतं.

झटके आले तर पहिली पाच मिनिटं

आपल्याकडे याला फीट येणं, आकडी येणं, मिरगी, फेफरं असं काहीही म्हणतात. कुत्र्यातला नेहमीचा झटका असा असतो : आधी थोडा वेळ तो बेचैन होतो, मालकाला चिकटतो. मग एकदम आडवा पडतो, अंग ताठतं, पाय सायकल मारल्यासारखे हलतात, जबडा आपटतो, लाळ-फेस येतो, लघवी-शी होते. एक-दोन मिनिटांत थांबतं. त्यानंतर तो भिंतीला धडकत फिरतो, कुणाला ओळखत नाही, भुकेनं वखवखतो. हा नंतरचा भाग कधी तासभर चालतो आणि घरचे जास्त घाबरतात ते यालाच.

पहिलं काम : घड्याळ बघा. दुसरं काम : कुणाला तरी मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा. डॉक्टरला त्या तीस सेकंदांतून जे कळतं ते अर्ध्या तासाच्या वर्णनातून कळत नाही, कारण चक्कर येऊन पडणं आणि झटका यांची उपचाराची वाट पूर्ण वेगळी आहे.

मग खुर्च्या-टेबलं बाजूला करा, जिन्याच्या कडेला उशी लावा, दिवा आणि टीव्ही बंद करा. तोंडात हात, चमचा, कांदा, काहीही घालू नका. कुत्रा स्वतःची जीभ गिळत नाही. तुमचं बोट मात्र तुटू शकतं. चप्पल हुंगवून झटका थांबत नाही, तो आपला वेळ संपला की थांबतो आणि श्रेय चपलेला मिळतं. झटका लांबला तर अंग तापतं, तेव्हा पंखा लावा आणि पंजे व पोट साध्या पाण्यानं ओलं करा.

झटका पाच मिनिटांच्या पुढे गेला, किंवा चोवीस तासांत दोन झटके आले, तर तो आणीबाणीचा प्रसंग आहे. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. ज्या कुत्र्याला आधीपासून झटक्यांचा आजार आहे, त्याच्या मालकाला डॉक्टर डायझेपाम गुदद्वारातून द्यायला शिकवतात. साधारण किलोमागे १ मिलिग्रॅम. पंधरा किलोच्या कुत्र्याला १५ मिलिग्रॅम, म्हणजे मिलीत ५ मिलिग्रॅम असलेल्या इंजेक्शनचे ३ मिली. सुई काढून टाकायची, सिरिंजला छोटी मऊ नळी लावायची, टोकाला पेट्रोलियम जेली लावून हळूच आत सरकवायची. हे औषध सिरिंजमध्ये आधीच भरून ठेवू नका, प्लॅस्टिक ते शोषून घेतं आणि ऐन वेळी डोस कमी पडतो. काचेच्या कुपीतच ठेवा आणि वेळेला ओढा. आणखी किती वेळा देता येईल, हे आपल्या डॉक्टरकडून कागदावर लिहून घ्या.

रोजची झटक्यांची औषधं

एकदाच झटका आला म्हणून लगेच गोळ्या सुरू करत नाहीत. सहा महिन्यांत दोन किंवा जास्त झटके, एका दिवसात लागोपाठ झटके, किंवा पाच मिनिटांहून लांबलेला झटका, यांपैकी काही असेल तर सुरू करतात. सहा महिने ते सहा वर्षं या वयात पहिला झटका आला आणि रक्त तपासणी स्वच्छ निघाली, तर बहुधा तो जन्मजात कल असलेला आजार असतो. लॅब्राडोर, बीगल, जर्मन शेफर्ड यांच्यात तो मी जास्त पाहिलाय.

सगळ्यात जास्त वापरात आहे फेनोबार्बिटोन. सुरुवात किलोमागे अडीच ते तीन मिलिग्रॅम, दर बारा तासांनी. वीस किलोच्या कुत्र्याला ५० ते ६० मिलिग्रॅम सकाळी आणि तेवढंच रात्री. बारा तास म्हणजे बाराच तास. सकाळी आठ आणि रात्री जेवणं आटोपल्यावर साडेअकरा, असं चालत नाही. पहिले दोन आठवडे कुत्रा झिंगल्यासारखा चालेल, फार पाणी पिईल, फार लघवी करेल, ताटाकडे बघत बसेल. हे कळल्यावर मालक घाबरून गोळी अर्धी करतात. करू नका. दोन आठवड्यांत झिंग उतरते, कारण तेवढ्यात औषधाची रक्तातली पातळी स्थिर होते. त्यानंतर रक्तातली पातळी तपासायची, मिलीमागे १५ ते ३५ मायक्रोग्रॅमच्या दरम्यान असावी लागते. दर सहा महिन्यांनी यकृताच्या तपासण्या.

आणि हे औषध कधीही एकदम बंद करायचं नाही. झटके थांबले, कुत्रा बरा झाला, म्हणून गोळ्या थांबवल्या, की चार दिवसांत आधीपेक्षा जोराचे झटके येतात आणि ते आवरत नाहीत. गावाला जाताना आधी गोळ्यांची पाकिटं मोजा. चिठ्ठीशिवाय हे औषध दुसऱ्या गावात मिळणार नाही.

फेनोबार्बिटोन पुरलं नाही तर त्याला पोटॅशियम ब्रोमाइडची जोड देतात. ते रक्तात इतकं सावकाश साठतं की पूर्ण पातळी यायला अडीच-तीन महिने लागतात. यात मिठाचा मोठा हात आहे. खाण्यात मीठ वाढलं की ब्रोमाइड लघवीवाटे निघून जातं आणि झटके परत येतात. मीठ एकदम कमी झालं तर ब्रोमाइड साचून कुत्रा मागच्या पायांनी लडखडतो. सणावाराला शेव-चिवड्याचा डबा उघडा राहतो तेव्हा हे लक्षात ठेवा. मांजराला ब्रोमाइड देत नाहीत, फुप्फुसांना त्रास होतो. तोंडावाटे डायझेपामही मांजराला नको, यकृत अचानक कोसळू शकतं. लेव्हेटिरॅसिटाम यकृताला सौम्य आहे, पण साधी गोळी दर आठ तासांनी द्यावी लागते, आणि कामाला जाणाऱ्या घरात दुपारचा डोस हमखास चुकतो. ते कोण देणार हे ठरवूनच सुरू करा.

पातळ औषधांच्या लेबलवर झायलिटॉल लिहिलंय का ते बघा. माणसांच्या काही सिरपमध्ये गोडीसाठी ते घालतात. कुत्र्याची रक्तातली साखर त्यानं धाडकन उतरते आणि झटक्यांच्या औषधानंच झटका येतो.

झटका म्हणजे नेहमी मिरगी नसते

चार-सहा आठवड्यांचं, खाणं सोडलेलं पिल्लू कापायला लागलं तर साखर उतरलेली असते. हिरड्यांना गुळाचं पाणी चोळा आणि निघा. लसीकरण न झालेल्या कुत्र्याला डोळ्या-नाकातून घाण येऊन मग जबडा चावल्यासारखे झटके आले तर डिस्टेंपर हा विषाणूचा आजार आठवा. मांजराला झटके आले तर आधी विचारा, गोचीड-पिसवांचं कुठलं औषध लावलं? कुत्र्याच्या मानेवर लावायचं परमेथ्रिन मांजराला लावलं की ती तासन्‌तास थरथरते. लगेच कोमट पाण्यानं आणि भांडी घासायच्या सौम्य साबणानं धुऊन काढा. कोली जातीच्या कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन हे जंत-गोचिडांचं औषध मेंदूपर्यंत पोचतं, त्यांना ते नेहमीच्या मोठ्या मात्रेत देऊ नका.

गोठ्यात चित्र वेगळं असतं. ताजी व्यालेली जास्त दुधाची गाय थरथरते, मान पोटाकडे वळवून बसते, कान थंड पडतात. हा दुग्धज्वर, रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं. शिरेतून कॅल्शियम दिलं की पंधरा-वीस मिनिटांत गाय उठून बसते, पण ते घाईनं सोडलं तर हृदय थांबतं, म्हणून हे काम घरी करू नका. कीटकनाशक चाटलेलं जनावर लाळ गाळतं, डोळ्याच्या बाहुल्या बारीक होतात, अंग फडफडतं. शेपूट ताठ वर आणि पाय सुताराच्या लाकडी घोडीसारखे ताठ दिसले तर धनुर्वात.

आणि एक, ज्यासाठी मी हा भाग लिहिला. गाय घोगऱ्या आवाजात सतत हंबरते, लाळ गळते, गिळता येत नाही. माणसाला वाटतं घशात काही अडकलंय. तो बाही वर करून घशात हात घालतो. ही पिसाळलेली गाय असू शकते. लाळ गळणाऱ्या, वागणं बदललेल्या जनावराच्या तोंडात हात घालू नका. घातला गेलाच असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा.

जंतुनाशकं : आधी शेण, मग औषध

मी बघते ते असं : शेणानं माखलेल्या फरशीवर फिनाईलची अर्धी बाटली ओततात आणि वासानं समाधान मानतात. शेण, मूत, रक्त, पू यांच्या थराखाली जंतू सुरक्षित बसलेले असतात, आणि क्लोरीनचं औषध तर त्या घाणीशीच भिडून संपतं. क्रम पाळा. खरवडा, साबणाच्या पाण्यानं घासा, पाणी निथळू द्या, मग जंतुनाशक ओता आणि ते किमान दहा मिनिटं ओलं राहू द्या. मग धुऊन वाळवा.

कुठल्या जंतूला काय लागतं, हे वेगवेगळं आहे. पार्व्हो या विषाणूच्या आजारानं पिल्लू गेलेल्या घरात साधं फिनाईल चालत नाही, फरशी पुसायची सुवासिक द्रव्यंही नाहीत. तिथे सोडियम हायपोक्लोराइटच, म्हणजे पातळ ब्लीचच लागतं. घरगुती चार टक्क्यांच्या बाटलीतलं एक भाग आणि पाणी वीस भाग. मातीतला पार्व्हो महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून नवं पिल्लू लस पूर्ण झाल्याशिवाय त्या अंगणात आणू नका. लाळ्या-खुरकूत आली असेल तर धुण्याचा सोडा : दहा लिटर पाण्यात ४०० ग्रॅम. हा विषाणू आंबट आणि अल्कली दोन्हींत मरतो. दावण, गव्हाण, चपलांचे तळवे, दुधाच्या गाडीची चाकं, सगळ्याला लावा. ॲल्युमिनियमची भांडी सोड्यापासून लांब ठेवा.

हायपोक्लोराइट किंवा ब्लीचिंग पावडर ॲसिडच्या बाटलीत मिसळू नका, मुताच्या डबक्यावरही ओतू नका. निघणारा वायू बंद गोठ्यात माणसाचा आणि वासराचा दोघांचाही श्वास कोंडतो. घरात मांजर असेल तर फिनाईल आणि क्लोरोझायलेनॉल असलेली द्रव्यं फरशीवरून पूर्ण धुऊन वाळल्याशिवाय तिला खोलीत येऊ देऊ नका. पंज्याला लागलेलं ती चाटते. फिनाईल थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवायची सवय तर आजच मोडा, घरात लहान मुलं आहेत.

जखमेसाठी उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, हे सगळ्यात चांगलं पहिलं धुणं. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन, बाटलीतलं दाट द्रव्य पाण्यात घालून कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं. हायड्रोजन पेरॉक्साइड पहिल्या दिवशी, मातीनं भरलेल्या जखमेला, एकदाच. रोज लावलं तर भरू पाहणारी नवी कातडी जळते. पोटॅशियम परमँगनेटचे खडे पूर्ण विरघळलेत ना हे पाणी हलवून बघा. न विरघळलेला एक कण तोंडातल्या फोडावर बसला की तिथे भाजतं. जखमेत अळ्या पडल्या असतील तर टर्पेंटाईनचा बोळा काही मिनिटं ठेवा, अळ्या वर येतात, चिमट्यानं एकेक काढा, मग मिठाच्या पाण्यानं टर्पेंटाईन धुऊन टाका. शेवटची अळी आत राहिली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

धारेच्या वेळचं जंतुनाशक हे मी सगळ्यात जास्त आग्रहानं सांगते, कारण कासदाह इथेच थांबतो. धार काढण्याआधी सड धुवून प्रत्येक गाईच्या वेगळ्या कोरड्या फडक्यानं पुसा. पहिल्या दोन-तीन पिळा काळ्या वाटीत घ्या, गुठळ्या लगेच दिसतात. धार संपली की अर्धा टक्का आयोडीनच्या कपात चारही सड बुडवा आणि लगेच पुढ्यात वैरण टाका. सडाचं तोंड मिटायला साधारण अर्धा तास लागतो. तेवढा वेळ गाय खात उभी राहिली की उघडं तोंड शेणाला टेकत नाही. ही वैरण धारेआधी टाकायची सवय असेल तर बदला, वेळ तीच, फक्त क्रम उलटा.

वासरू जन्मलं की नाळ ७ टक्क्यांच्या टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा, पहिल्या तासात एकदा आणि बारा तासांनी पुन्हा. शिंपडून भागत नाही, नाळ कपात पूर्ण बुडाली पाहिजे.

वही

गोठ्याच्या खांबाला खिळा ठोकून एक वही आणि दोरीला बांधलेलं पेन लावा. औषध दिलं की हात धुवायच्या आधी लिहा. माझ्या ओळखीच्या एका आजींच्या वहीतली ओळ अशी असते : "१४ ऑगस्ट, संध्याकाळ. कपिली, ४०६ किलो. मेलॉक्सिकॅम, मिलीत २० चं, १० मिली. लेबलवर दुधाचे दिवस नाहीत. दूध डेअरीला २१ च्या संध्याकाळपर्यंत बंद." झटके येणाऱ्या कुत्र्यासाठी तारीख, वेळ, किती मिनिटं चालला आणि आधीचा डोस किती वाजता दिला होता, एवढं पुरे. १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर फोन लावाल तेव्हा वही हातात घेऊन बोला. पलीकडून पहिला प्रश्न वजनाचाच येईल.